तोलाबद्दल एका काटेवाल्याचं सांगणं

आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रवचनात तराजूचा दाखला देऊ लागले की मी मान खाली घालतो. एका पारड्यात संसार, दुसऱ्यात देव, दोन्ही पारडी समान ठेवा, असं ते सांगतात. हेतू चांगलाच असतो. पण इंदूरमध्ये माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दोन्ही पारडी अगदी स्थिर असलेली तागडी कुणी आणली की मी आधी बोटानं एक पारडं दाबतो. हललंच नाही तर समजायचं, दांडीच्या धारेवर गंज चढलाय. धड तागडी पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा झुलते. शिवाय देवाला एका पारड्यात बसवलं की त्याचं समोरच्या पारड्याशी भांडण ठरलेलंच. मुलीची परीक्षा की संध्याकाळची प्रार्थनासभा? आईचं औषध की बांधकाम फंड? असा हिशेब मांडून कुणाचा तोल सांभाळला गेलाय, हे मी अजून पाहिलेलं नाही. माझा तर नाहीच गेला.

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. करून पाहिलं त्यातलं जे टिकलं, तेवढं सांगतो.

आमच्या घरात आई, तिची ऐंशी कधीच उलटली. बायको नर्स आहे, ड्यूटी दर आठवड्याला बदलते. मुलगी बारावीला. पणजोबा नगरकडून माळव्यात आले ते मिशनच्या नोकरीत. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे १८७७ पासूनचं, इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, आणि त्या काळात आलेली आमच्यासारखी माणसं मग इथलीच झाली. उपासना हिंदीत होते. घरातली प्रार्थना आणि भांडणं मराठीत.

आधी आठवडाभर मोजून बघा

काटा दुरुस्तीला आला की मी लगेच उघडत नाही. त्यावर सरकारी ठप्प्याचं वजन ठेवतो आणि तो किती चुकतोय ते कागदावर लिहितो. तुम्हीही तेच करा. एक आठवडा, सोमवार ते रविवार, वेळ कुठे गेला ते रोज रात्री दोन ओळींत लिहा. काही सुधारायचं नाही, स्वतःला बोल लावायचा नाही, नुसतं लिहायचं. मोबाइलही लिहायचा.

मी हे पाच वर्षांपूर्वी जॉबकार्डांच्या पाठीवर केलं. तेव्हा मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो, दुरुस्ती समितीत होतो, माइकची व्यवस्था माझ्याकडे होती आणि नाताळच्या कार्यक्रमाची वर्गणीही मीच गोळा करायचो. आठवड्याअखेर बेरीज केली. मंडळीच्या कामात चौदा तास. एकट्यानं प्रार्थना दोन वेळा, दहा-दहा मिनिटं, त्यातली एक वीज गेली होती म्हणून. बायकोशी बोलणं झालं ते सिलिंडर, फी आणि आईच्या गोळ्या यांबद्दल.

हे मोजायची वेळ का आली तेही सांगतो. त्याआधीच्या महिन्यात एका रात्री समितीची बैठक होती. विषय असा, की प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणत राहायच्या की शंभर विकत घ्यायच्या. दीड तास चालली. माझा फोन खिशात, मुका. बायको नाइट ड्यूटीवर. इकडे आई न्हाणीघरात घसरली. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिनं मला सहा फोन केले, मग शेजारच्या काकूंना उठवलं, आणि दोघींनी मिळून आईला रिक्षात घालून नेलं. मी साडेदहाला घरी आलो, बगलेत फाइल. आई पलंगावर बसलेली, डाव्या मनगटाला प्लास्टर. माझ्याकडे बघून म्हणाली, “घेतल्या का मग खुर्च्या?”

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मंडळीतही ‘नाही’ म्हणायला शिका

श्रद्धा आणि संसार यांचा तोल म्हटलं की सगळे धरून चालतात, संसार जास्त झालाय आणि श्रद्धा कमी पडतेय. काहींचं तसं असेलही. पण मंडळीत जे दहा-पंधरा लोक सगळं ओढतात, त्यांचं दुखणं वेगळं असतं. त्यांना मंडळीचं काम जास्त झालेलं असतं, आणि घर व देव दोघेही बाहेर ताटकळत असतात.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून बघा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय, आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन सांगतो की हे बरं नाही, तूही थकून जाशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, असा सल्ला. हा सल्ला कुणा संदेष्ट्याचा नाही, सासऱ्याचा आहे, आणि मोशेनं तो ऐकला. माझ्या सासऱ्यांनीही मला हेच सांगितलं होतं, नाताळच्या जेवणात. तेव्हा मी हसून करंजी पुढे केली होती.

आता आमच्या घरचा नियम: मंडळीत एका वेळी एकच जबाबदारी, आणि तीही मुदतीची. नवीन घ्यायची तर जुनी सोडायची. कोणती सोडायची हे मी एकट्यानं ठरवायचं नाही, बायकोला विचारायचं. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर दर वर्षी आणि साधी तागडी असेल तर दर दोन वर्षांनी तो तपासून नवा ठप्पा घ्यावा लागतो. आम्ही दोघं जबाबदाऱ्यांची अशी तपासणी दर वर्षी करतो, ३१ डिसेंबरला, रात्रीच्या उपासनेला जाण्याआधी चहा घेत. अर्धा तास पुरतो.

नाही म्हणायचं कसं, हा खरा प्रश्न. मी शिकलेलं एवढंच, की कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. “आईची तब्येत” म्हटलं की “आम्ही कुणाला तरी बसवतो तिच्याजवळ” असं उत्तर तयार असतं. त्यापेक्षा सरळ म्हणावं: “पाळकसाहेब, यंदा माझ्याकडे माइक आहे, तो नीट करतो. हिशेब दुसऱ्या कुणाला द्या, पहिले दोन महिने मी शिकवीन.” आणि गप्प बसावं. ते गप्प बसणं फार अवघड जातं. पहिल्यांदा मी खुर्चीच्या हाताचं प्लास्टिक खरवडत बसलो होतो. (होय, खुर्च्या घेतल्या शेवटी.)

खजिनदारी आता एका सव्वीस वर्षांच्या मुलीकडे आहे. ती माझ्यापेक्षा चांगलं करते, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

सकाळ: शून्यावर आणणं

सराफ्यातल्या सोनारांचे काटे काचेच्या पेटीत असतात. मिलिग्रॅमचं काम; दार उघडलं, कुणी जोरात श्वास सोडला, तरी आकडा नाचतो. सकाळी दुकान उघडल्यावर सोनार आधी काट्याची पाणसळ बघतो. काट्याला एक छोटा बुडबुडा असतो, तो गोलाच्या मधोमध हवा. नसेल तर खालचे पाय फिरवून मध्ये आणायचा, मग काटा चालू करून थोडा वेळ तापू द्यायचा, मग शून्य. कितीही गिऱ्हाईक उभं असो.

माझी सकाळची प्रार्थना म्हणजे एवढंच. वीस मिनिटं. कचरागाडीचं गाणं गल्लीत यायच्या आत आटोपायचं, कारण त्यानंतर घर जागं होतं. फोन रात्रीच स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवतो. उशाशी ठेवला की संपलं. हे सगळ्यांत महत्त्वाचं, बाकी विसरलात तरी चालेल.

वाचायचं काय? मोठमोठ्या योजना मी तीनदा सुरू केल्या, तिन्ही वेळा लेवीय या नियमांच्या पुस्तकात गाडी रुतली. आता रोज एक स्तोत्र. स्तोत्रं १५०. त्यातलं ११९ वं एका दिवसात वाचायचं नाही, त्यात १७६ ओव्या आहेत, पण ते आठ-आठ ओव्यांच्या २२ तुकड्यांत बांधलेलं आहे, हिब्रू मुळाक्षरांप्रमाणे. रोज एक तुकडा घ्यायचा. म्हणजे १४९ आणि २२ मिळून १७१ दिवस, साधारण साडेपाच महिने. मग परत पहिल्यापासून. स्तोत्रांत रडणं आहे, चिडणं आहे, देवावर ओरडणंही आहे, त्यामुळे मूड नसल्याची सबब चालत नाही. वाचून झालं की दोन मिनिटं गप्प, मग घरातल्या चौघांची नावं घ्यायची आणि त्या दिवशी ज्याची भीती वाटतेय ती एक गोष्ट मोठ्यानं सांगायची. परवा माझी गोष्ट होती पोळलेला लोड सेल (काट्यातला वजन ओळखणारा भाग) आणि तो बसवून दिल्यावर पैसे न देणारं गिऱ्हाईक. देवाला असं सांगायला लाज वाटू नये.

बायकोची नाइट असते तेव्हा तिची सकाळ संध्याकाळी होते. ती उठल्यावर, चहाआधी, तेच स्तोत्र वाचते. वेळ एक नसला तरी पान एक असतं, त्याचं आम्हाला बरं वाटतं.

दिवसभरात लांब प्रार्थनेला जागा नसते, ते ठीक आहे. नहेम्याची एक गोष्ट मला फार आवडते. राजा त्याला विचारतो, तुला काय हवंय? आणि उत्तर देण्याआधी, राजासमोर उभ्या उभ्या, तो स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत आहे. किती सेकंद असतील ते? दोन? काट्यावर वजन ठेवलं की आकडा स्थिर व्हायला तेवढाच वेळ लागतो. मी तो वेळ वापरतो.

धंदा हीसुद्धा उपासनाच

दोन वर्षांपूर्वी एक भाजीवाला ठोक व्यापारी आला. चोइथराम मंडईत माल घेणारा, मोठं काम, वर्षाला पंधरा-वीस काटे. चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच, “भिया, जरा सेटिंग करून द्या ना. किलोमागे पन्नास ग्रॅम. सगळेच करतात.” काट्याच्या आतल्या बटणावर नापतौल विभागाचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील असतं, ते तोडून काट्याला खोटं शिकवायचं. हाताला सवय असलेल्या माणसाला फार वेळ लागत नाही. त्या महिन्यात मुलीच्या कोचिंगचा हप्ता होता. मी “नाही जमणार” म्हटलं, तो हसला, चहा अर्धा टाकून उठला. त्याचं काम गेलं, आणि त्याच्या दोन भावांचंही. देवानं दुसरीकडून भरपाई केली, असं काही झालं नाही. त्या वर्षी हप्ते आम्ही एफडी मोडून भरले.

खोटी तागडी देवाला नकोशी, हे नीतिसूत्रांत आहे आणि ते मला लहानपणापासून पाठ. वडिलांनी दुकानात लिहून लावलं होतं. पण त्या व्यापाऱ्यानंतर मी आमोसचा आठवा अध्याय वाचला आणि पाचव्या ओवीवर थांबलो. तिथे व्यापारी म्हणतात, चंद्रदर्शन कधी सरेल, शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) कधी संपेल, म्हणजे आम्हाला धान्य विकता येईल. आणि त्याच दमात, माप लहान करू, तागडीत कपट करू. दोन्ही एकाच ओवीत! सुट्टीचा दिवस ज्याला सहन होत नाही, तोच माप मारतो. दोन्हींच्या मुळाशी एकच भीती: पुरणार नाही.

ही भीती मी ओळखतो. चौदा तास मंडळीचं काम करणाऱ्या माझ्यातही तीच होती. मी थांबलो तर पुरणार नाही, माझ्यावाचून चालणार नाही. इथ्रोच्या शहाणपणाच्या मी पासंगालाही पुरलो नसतो. म्हणून तोल गेल्यासारखा वाटला की मी आता वेळापत्रक बघत नाही, आधी विचारतो, कशाची भीती वाटतेय?

रविवार

दुकान रविवारी बंद. दिवाळीआधीच्या रविवारी सुद्धा, जेव्हा सोनारांचे फोन थांबत नाहीत. सुरुवातीला यानं नुकसान होतं, ते खोटं बोलून झाकण्यात अर्थ नाही. मग गिऱ्हाइकांना सवय होते आणि ती शनिवारी येतात.

काही गोष्टी पाळल्या तर रविवार जमतो. शनिवारी रात्री भाजी चिरून, कपडे इस्त्री करून ठेवायचे, नाहीतर बायकोचा रविवार स्वयंपाकघरात जातो आणि आपण शब्बाथ पाळल्याची फुशारकी मारतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथचं कारण असं दिलंय, की तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास; म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. माझा कारागीर हिंदू आहे. त्याचा रविवारचा पगार कापत नाही. उपासनेनंतर बैठका नकोत, हे मी मंडळीत ठासून सांगितलं, त्यावरून थोडी कुरबुर झाली, अजून होते. दुपारी दाल-बाफले. साजूक तुपात बुडवलेले दोन बाफले खाल्ले की माणूस आपोआप विश्रांती घेतो, त्यासाठी वेगळी शिस्त लागत नाही.

उपासकाळात जास्त कडक व्हावंसं वाटतं काहींना. त्यांनी मोजून बघावं: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. चाळीस म्हणतो, कारण मधले सहा रविवार उपासात धरतच नाहीत.

बायकोला रविवारी ड्यूटी लागते तेव्हा? नर्सचं काम थांबवता येत नाही, आणि प्रभूनंही शब्बाथच्या दिवशी आजारी माणसं बरी केली. त्या आठवड्यात तिच्या सुट्टीच्या दिवशी मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवतो. रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याच्या आसपास तसंही काही उघडत नाही, ती एक सुट्टी शहरच देतं.

घरातली प्रार्थना लहान ठेवा

दहा मिनिटं. आई गाणं निवडते, बहुतेक रेव्हरंड टिळकांचं, आणि तिच्या चालीत गाते, आम्ही मागून. मग एक जण वाचतो, एक जण प्रार्थना करतो, संपलं. लांबवली की मुलं पळवाट काढतात. परीक्षेच्या दिवसांत मुलगी आली नाही तरी मी बोलावत नाही. मग ती बहुधा गाण्यापुरती दारात येऊन उभी राहते.

खरं बोलणं स्कूटरवर होतं. भंवरकुव्याला कोचिंगला तिला सोडताना, मागे बसून, माझा चेहरा दिसत नसतो तेव्हा ती विचारते. सिग्नलवर एकदा विचारलं, “बाबा, मैत्रिणीच्या घरी गणपतीच्या आरतीला उभी राहिले तर?” मी म्हटलं, मैत्रिणीच्या घरी आदरानं उभं राहण्यात काही बिघडत नाही, ताटातलं खायचं की नाही, याबद्दल पौलानं करिंथकरांना लिहिलंय, ते वाच आणि तुझं तू ठरव. आईला हे उत्तर आवडलं नसतं. घराघरात यावर वेगवेगळी मतं आहेत. सिग्नल सुटला.

थकवा आला तर

आधी जेवा आणि झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत जेवायला दिलं. १ राजे, अध्याय १९. आणि झोप, भूक दोन-तीन आठवडे परत आलीच नाही, कशातच मन लागेना, तर डॉक्टरकडे जा. हे बायकोचं वाक्य आहे, तिनं मला लिहायला लावलं. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या, असंही तिनं सांगितलंय.

मोडलं तर काय करायचं, असं लोक विचारतात. मोडतंच. काटा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवला तरी बुडबुडा सरकतो. पाय फिरवून परत मध्ये आणायचा. राहिलेल्या दिवसांची थकबाकी काढत बसू नका, जिथे खूण आहे तिथून पुढे वाचा. माझं या आठवड्यात ११९ वं चालू आहे. आज नववा तुकडा, ६५ ते ७२. खरं तर तो मंगळवारीच व्हायला हवा होता.